घडीचा डोंगा

आमच्या घरी डोंगा, म्हणजे छोटी होडी, तुरीच्या कोठीमागं उभा असायचा. घडी केलेला, जुन्या सतरंजीत गुंडाळलेला, दोरीनं आवळलेला. नवख्या माणसाला वाटायचं, मांडवाचं सामान ठेवलंय. पुढं मी चळवळीच्या नागपूर-पुण्याच्या बैठकांना जायला लागले, तेव्हा हे सांगितलं की लोक खूश व्हायचे. घडीचा डोंगा! घरी केला! काय सुंदर छंद! मी तेव्हाही तोडून बोलायचे, आजही बोलते. धरणाच्या पाण्यात आमचा रस्ता बुडाला होता, पूल कोणी बांधला नव्हता, आणि काठावर ठेवलेली तरंगती वस्तू मासेमारीच्या ठेकेदाराची माणसं फोडून टाकत होती. म्हणून डोंगा, आणि म्हणून घडीचा. छंदासाठी माणसाकडं रिकामा वेळ लागतो, आमच्याकडं रिकामं फक्त पाणी होतं.

धरण माझ्या जन्माआधीचं. पाण्याच्या या अंगाला गाव राहिलं, त्या अंगाला आमचं शेत. शेत बुडितात गेलं नाही, म्हणून त्याचा मोबदला नाही. रस्ता बुडितात गेला, पण रस्ता कुणा एकाच्या नावावर नसतो, म्हणून त्याचाही नाही. पूल बांधून देऊ असं मात्र सरकारनं सही-शिक्क्यानिशी लिहून दिलं होतं, आणि ते वाक्य गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ होतं. पोळ्यापासून होळीपर्यंत पाणी भरलेलं. आमच्या काठावरून बाबांचं शेतातलं खोपटं दिसायचं, बांधाच्या धुऱ्यावरचा साग दिसायचा, कपाशी फुटली की पांढऱ्या ओळी दिसायच्या. जायचं मात्र एसटीनं घाटंजीला, तिथून दुसरी गाडी, उतरून पायवाट. पोचेपर्यंत मजूर बायांनी जेवणाचे डबे उघडलेले असायचे. म्हणून बाबा थर्माकोलवर जायचे. खताच्या पोत्यात थर्माकोलचे तुकडे भरायचे, तोंड सुतळीनं शिवायचं, त्यावर उकिडवं बसायचं आणि स्टीलच्या ताटलीनं पाणी मागं सारायचं. ओलांडून झालं की पोतं खांद्यावर टाकून शेतात न्यायचं. काठावर ठेवलं तर संध्याकाळी तिथं थर्माकोलचे दाणे तेवढे सापडायचे.

आई सकाळी पीठ मळून ठेवायची, पण तवा चढवायची नाही. काठ घरापासून जवळच. पलीकडं पोचले की बाबा एक लांब हाक घालायचे, नुसतंच "होऽऽ", आणि मग आई पहिली भाकर थापायला घ्यायची. माझं लहानपण त्या हाकेत आणि त्यानंतर परातीत पडणाऱ्या थापांच्या आवाजात गेलं. वारा उलटा असला आणि हाक ऐकू आली नाही, तर मी रात्रीचं शिळं खाऊन शाळेत जायचे. मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी भाकर अशी वाट पाहून होते.

मी बारावीत असताना, कापसाच्या वेचणीच्या दिवसांत, पोतं फाटलं. पाण्याखाली जुन्या बाभळींचे खुंट आहेत. धरण भरताना झाडं कोणी काढली नव्हती. त्यातल्या एका खुंटाला पोतं लागलं आणि थर्माकोल वाऱ्यावर निघून गेलं. बाबांना पोहता येत नव्हतं. येणार कुठून, आम्ही कोरडवाहू. ते त्याच खुंटाला धरून राहिले. शेवटी ठेकेदाराच्या माणसांनी त्यांना ओढून काढलं, आणि काढल्यावर मासे चोरायला गेलता का म्हणून शिव्याही दिल्या. बाबा घरी आले, कपडे बदलले, जेवायला बसले. अंबाडीची भाजी होती. मग बाबा म्हणाले, ताटली गेली. आई म्हणाली, ताटली गेली तं गेली. दोघंही एकमेकांकडं पाहत नव्हते.

त्या आठवड्यात मी पूल समितीचं पत्रक लिहीत होते. समितीचे अध्यक्ष सुधाकरकाका, गावातले किराणावाले. त्यांचंही शेत पलीकडं, ते बटाईनं दिलेलं. पत्रक लिहायला मला त्यांनीच शिकवलं. विशेषणं खोड, क्रियापद ठेव, आणि मागणी पहिल्या वाक्यात, असं ते साखर तोलता तोलता सांगायचे. पत्रकानं पूल येतो यावर माझा विश्वास होता. आजही आहे, नाहीतर हा चळवळीचा धंदा केलाच नसता. पण पूल यायच्या आत बाबा जातील हेही मला स्वच्छ दिसत होतं. फोनवर शोधता शोधता परदेशातला एक माणूस सापडला. त्यानं घरच्या घरी, अगदी कमी खर्चात म्हणे, घडीची नाव बनवली होती. कयाक म्हणत होता. त्याच्या गाडी ठेवायच्या खोलीत आमच्या अख्ख्या घरापेक्षा जास्त सामान होतं, आणि भिंतीवर हत्यारं देवघरातल्या फोटोंसारखी टांगलेली. हे याचं स्वस्त! राग आला, तरी तो व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा पाहिला, कारण त्यातली कल्पना गरिबाला परवडणारी होती. आत हाडं, बाहेर कातडी. हाडं काढून घेतली की कातडी गुंडाळता येते.

हाडं बांबूची केली. प्रत्येक बांबू तुकड्यांत कापला आणि सांध्याला लोखंडी नळीचा तुकडा घातला. फासळ्या निळ्या प्लास्टिकच्या ड्रममधून कापून काढल्या. त्या कामात बाबांची करवत बोथट झाली आणि माझे हात सोलून निघाले. कातडीसाठी फ्लेक्स. आमच्या जिल्ह्यात दुसऱ्या कशाचीही टंचाई होऊ दे, फ्लेक्सची होत नाही. वाढदिवस, निवड, श्रद्धांजली, पुन्हा वाढदिवस. दोन थर लावले, छापील बाजू आत. पोटाला मोटरसायकलच्या सीटचं रेक्झीन. शिवायला घाटंजीचे रहीमचाचा. एसटी स्टँडच्या रस्त्यावर त्यांचं सीट कव्हरचं दुकान होतं, आणि आपल्यासारखी सीट नागपुरातही कोणी शिवत नाही हे ते गिऱ्हाईक बसायच्या आत सांगून टाकायचे. माझं चित्र त्यांनी उलटसुलट करून पाहिलं.

"बेटा, माझी सीट रोडवर चालते. हे कुठं चालन?"

"पान्यावर, चाचा."

"मंग गिऱ्हाईक तक्रार घेऊन वापस येन का नाई, याची ग्यारंटी कोन देन?"

बाबा बाजूलाच उभे होते. ते म्हणाले, तक्रार घेऊन आलो म्हणजे तुझी शिलाई पक्की. चाचांनी मशीन चालू केलं. शिवणीवर पंक्चरचं सोल्युशन आणि ट्यूबच्या पट्ट्या, नाकात आणि शेपटीत स्कूटरच्या हवा भरलेल्या ट्यूबा, म्हणजे उलटला तरी बुडू नये. हे शेवटचं मात्र त्या परदेशी माणसाचं.

आता गळतो का ते कसं पाहायचं? आम्ही कोरडवाहू माणसं. आमच्याकडं पाणी भांड्यात असतं. भांडं पाण्यात असतं, ही गोष्ट आमच्या डोक्यातच नाही. घागर पाहतो तसं पाहू म्हटलं, पाणी भरून. कुणालाही, अगदी मलाही, यात काही चूक वाटली नाही. डोंगा अंगणात दोन बाजांवर ठेवला. गल्लीतल्या बायांनी हापशीवरून घागरी आणल्या, आईनंही आणल्या. चाचा मुद्दाम घाटंजीहून मोपेडवर आले आणि नवरदेवाच्या बापासारखे उभे राहिले. डोंगा अर्धा भरला तोवर एक थेंब गळला नाही, चाचांनी मिशीवरून हात फिरवला. मग पोट खाली लोंबायला लागलं, बांबू करकरला, आणि मधली शिवण या टोकापासून त्या टोकापर्यंत उसवली. सगळं पाणी अंगणात. वाळत घातलेला कापूस भिजला, कोंबड्या घरात पळाल्या. शेजारच्या कौसल्याकाकू घागर कमरेवरून न उतरवता म्हणाल्या, "गळत नाई व माय. फुटते." चाचा चिडले. सीटवर बसतात, सीटमध्ये पाणी भरून कोणी पाहत नाही, असं ते बराच वेळ ऐकवत होते. बाबा मात्र बाजेवर बसून हसत सुटले. खुंटाला धरून राहिल्यानंतर ते पहिल्यांदाच हसत होते, म्हणून मी रडायचं पुढं ढकललं.

दुसऱ्यांदा शिवला तो सरळ पाण्यात घातला. बाबा बसले, डोंगा डावीकडं ओढ घेत होता, तरी गेला. त्या सकाळी पलीकडून हाक इतक्या लवकर आली, की आईचं पीठ मळून व्हायचं होतं. परत येताना डोंग्यात कापसाचं गाठोडं होतं. काठावर बाबांनी सांधे सोडले, कातडी गुंडाळली, आणि ठेकेदाराची माणसं पाहत असताना सगळं खांद्यावर टाकून घरी आले. त्यांना फोडायला काही उरलंच नाही. माझ्या आयुष्यात इतकं चोख काम मी फार थोडं केलंय.

मग कोणीतरी व्हिडिओ काढला. बाबा, गाठोडं, मागं मावळता सूर्य, वर कसलंसं गाणं. देसी जुगाड. दोन दिवसांत तो इतका फिरला की महागावच्या मावशीला तो तिच्या सुनेनं दाखवला, हा आपल्याच भाऊजींचा आहे हे न कळता. जुगाड हा शब्द मला तेव्हापासून सोसत नाही. ज्याचं काम त्यानं केलं नाही, त्यानं दुसऱ्याला द्यायची शाबासकी म्हणजे जुगाड. गावात सत्कार झाला. शाल, नारळ, आणि अर्थात फ्लेक्स. पुढाऱ्याचा माणूस भाषणात म्हणाला की शासनाच्या तोंडाकडं न पाहता या शेतकऱ्यानं मार्ग काढला, अशी माणसं असल्यावर पुलाची गरजच काय. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनीही वाजवल्या, टाळ्या वाजल्या की वाजवायच्या असतात म्हणून. सुधाकरकाका माझ्याकडं पाहत होते. काही दिवसांतच यवतमाळहून निरोप आला की पुलाची गरज अजून उरली आहे का, हे पाहायला साहेब येणार आहेत.

समिती काकांच्या दुकानात बसली. फळी अर्धी ओढलेली, पोत्यांवर माणसं. काकांनी विचार केला होता, आणि तो विचार चुकीचा नव्हता, हे मी आजही म्हणेन. साहेबाला डोंगा दिसला तर पूल गेला. साहेबाला थर्माकोल दिसलं पाहिजे. बाबांनी त्या दिवशी जुन्या पद्धतीनं पाणी ओलांडायचं, साहेबाच्या डोळ्यांसमोर. सगळ्यांनी माना हलवल्या. माझी मान धड हलली नाही, धड थांबलीही नाही. पत्रक लिहिणारी मी म्हणत होते, हेच बरोबर आहे. डोंगा केलेली मी काहीच म्हणत नव्हते.

बाबा दाराजवळ बसले होते. त्यांनी शांतपणे विचारलं, "म्हंजे मी बुडून दाखवू काय, सुधाकर?"

काका म्हणाले, बुडायचं कोण म्हणतंय, फक्त जाऊन यायचं.

"मी जाऊनच येत होतो. थ्या दिवशीबी जाऊनच येत होतो." बाबा उठले. "पूल मलेबी पाह्यजे. पन पोरीनं केलेला डोंगा लपवून मी त्या पोत्यावर बसत नाई. साहेबाले काय दाखवाचं, ते मी पाहतो."

घरी येताना मी त्यांना काय करणार म्हणून विचारलं. ते म्हणाले, तू पत्रक लिही.

साहेब जीपनं आले. आईनं पोहे केले, साहेबांनी ते आवडीनं खाल्ले, वर घालायला तर्री आहे का असंही विचारलं. माणूस वाईट नव्हता. वाईट माणूस असता तर पत्रकात बसवायला सोपं गेलं असतं. काठावर आल्यावर त्यांनी खिशातून फोन काढून बाबांना त्यांचाच व्हिडिओ दाखवला, आणि म्हणाले की तुमची तर उत्तम सोय झालेली दिसते. सुधाकरकाकांनी डोळे मिटले. बाबांनी सतरंजी सोडली. नळीत बांबू, बांबूवर फासळी, फासळीवर कातडी, सगळं सावकाश, सगळ्यांसमोर. डोंगा पाण्यात उतरला तेव्हा बाबांनी एक हात पुढं केला.

"बसा न साहेब. पुलाची जागा तिकडूनबी पाहा लागन. आमची सोय हाय, तं तुमचीबी हाय."

साहेब हसले, मागं वळून आपल्या माणसांकडं पाहिलं. निम्म्या गावानं फोन वर धरले होते. नाही म्हणायला जागा नव्हती. बूट न काढता ते बसले. पाणी तसं शांत होतं, पण आमच्या पाण्यावर मध्यभागी वारा नेहमी असतो. डोंगा डावीकडं ओढ घेऊ लागला. साहेबांनी डोंग्याचे दोन्ही काठ घट्ट धरले, आणि काठ धरला की तो डोंगा जास्त हलतो. मग खालून खुंट घासल्याचा आवाज झाला. तो काठापर्यंत ऐकू आला. त्यानंतर साहेबांचा आवाज आला, वळवा, वळवा. बाबांनी वळवला. उतरताना साहेबांची पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली होती, आणि बाबांनी त्यांना दंडाला धरून वर घेतलं, सासऱ्यानं जावयाला घ्यावं तसं.

मला वाटलं, जिंकलो. पुढच्या पत्रकाचं पहिलं वाक्य डोक्यात तयार होतं. साहेब पाणी प्यायले, श्वास घेतला आणि म्हणाले, "हे जीवघेणं आहे." आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. "कुणाचा तरी जीव जाईल यात." आम्ही आणखी जोरात हलवल्या. "हे ताबडतोब बंद झालं पाहिजे." आमच्या माना अजून हलतच होत्या, आणि जीपमधले दोघं डोंग्याच्या दोरीला हात घालत होते.

डोंगा तहसीलला जमा झाला. पुलाचं पुन्हा कुणी नाव काढलं नाही. धोका पाहिला, मान्य केला आणि उचलून नेला. पाणी तिथंच राहिलं, शेत तिथंच राहिलं. वेचणीचे दिवस होते. बाबांनी पोतं काढलं, थर्माकोल भरलं. सुतळी त्यांच्याकडून ओवली जात नव्हती, ती आईनं ओवून दिली.

मी तहसीलच्या पायऱ्यांवर बसले, पत्रकं वाटली, दारं ठोठावली. तिथं मी जे शिकले त्यावर आजवर माझं चाललं आहे. शेवटी उत्तर आलं की पाण्यात टाकणार नाही असं लिहून द्या आणि तुमचं सामान घेऊन जा. मी म्हटलं, मुळीच नाही. सही केली म्हणजे गुन्हा आमचा होता असं कबूल केल्यासारखं आहे. पूल द्यायचा त्यांनी, आणि हमी आम्ही? एसटीत मी हे बाबांना इतक्या जोरात समजावत होते, की कंडक्टरनं मागं वळून पाहिलं. बाबा खिडकीबाहेर पाहत होते. ऑफिसात गेले, कुठं करायची म्हणून विचारलं, आणि सही केली. अक्षर नेहमीसारखं, प्रत्येक अक्षर सुटं. मी घरापर्यंत त्यांच्याशी बोलले नाही. सतरंजीची गुंडाळी आम्ही दोघांनी धरली होती, त्यामुळं त्यांच्यापासून लांब चालताही येत नव्हतं.

पूल आजही नाही. मी हे लिहिते आहे तेव्हा त्याची मागणी माझ्याहून लहान पोरं करताहेत, आणि माझ्याहून बरी पत्रकं लिहिताहेत.

डोंगा घरी आणला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा गुंडाळी घेऊन काठावर निघाले. मी मागं धावले. काल केलेल्या सहीची शाई वाळली नव्हती, आणि मी नुकतंच कायद्याचे चार शब्द वाचलेली पोर. कुणी पाहिलं तर, उद्या त्यांनी तोच कागद समोर धरला तर, समितीचं नाव खराब झालं तर, असं मी एका दमात सगळं बोलले. "बाबा, तुमी लिहून देलं न काल."

बाबा नळीत बांबू बसवत होते. तो नीट बसला का, हे त्यांनी फिरवून पाहिलं.

"त्यायनंबी लिहून देलं होतं, पूल बांधतो म्हनून," ते म्हणाले. "मी लिहून देलं, पान्यात टाकत नाई म्हनून. आता दोघंबी सारखेच झालो."

ते बसले, वल्हं आडवं घेतलं. काठावर चिखल होता, डोंगा निघत नव्हता.

"पाहून काय राह्यली? ढकल."

मी ढकलला.